पाहुण्याचे पैसे कोणाचे?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची सगळी वकिली धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात गेली. त्यांनी भाडेकरूंची वकीलपत्रे घेतली तशी घरमालकांचीही घेतली, आणि फी बुडवण्याच्या बाबतीत दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या असे ते हसत सांगत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून ‘शहर आणि निवारा’ अशा ऐसपैस विषयावर बोलणे सोपे होते. मी मुद्दाम अगदी अरुंद विषय निवडला आहे. एका भाड्याच्या घरात एक खोली मोकळी आहे. भाडेकरू ती चार-आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला पैसे घेऊन देतो. घरमालकाला ते कळते आणि तो कोर्टात जातो. एवढ्याच भांडणाबद्दल मला बोलायचे आहे.

सुरुवातीलाच एक मर्यादा सांगतो. महाराष्ट्रभर एकच भाडेकायदा, १९९९ चा, आला तो ३१ मार्च २००० पासून. त्याआधी विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते. त्यामुळे जुन्या काळाबद्दल मी जे बोलेन ते मुख्यतः मुंबई-पुण्याचे समजावे.

हे भांडण मोबाइलवरच्या अ‍ॅपने आणले असे अनेकांना वाटते. अ‍ॅपचा जन्म मात्र याच भांडणाच्या पोटी झाला. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडे झेपेना, कारण घरमालकाने ते वाढवले होते. त्याच सुमारास शहरात डिझाइनर मंडळींची परिषद होती आणि हॉटेलांत जागा नव्हती. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी आपल्या घरात हवा भरायच्या तीन गाद्या मांडल्या, माणशी रात्रीला ८० डॉलर दर लावला आणि सकाळी न्याहारी दिली. तीन पाहुणे आले. त्यांतला एक भारतातून तिकडे शिकायला गेलेला, मराठी आडनावाचा तरुण होता. पुढे या उद्योगाची एअरबीएनबी ही कंपनी झाली. कंपनीच्या कौतुकाच्या गोष्टीत एक तपशील भरभर वाचला जातो, तो म्हणजे हे दोघे घराचे मालक नव्हते, भाडेकरू होते. भाडे भागत नाही म्हणून भाडेकरूने घरात पाहुणा घेतला.

आपल्या गिरणगावाला यात काय नवल वाटणार? दहा बाय बाराची खोली एकाच्या नावावर, भाडेपावती त्याच्या नावाची, आणि आत वळकट्या टाकणारे गावाकडचे दहा-बारा जण. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. त्यातच एखादी बाई खाणावळ चालवी. ती पंधरा-वीस जणांना दोन वेळचे जेवण घाली, त्यांतले काही तिच्याच दाराबाहेर व्हरांड्यात झोपत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी. या बायकांच्या कमाईकडे आपण श्रम म्हणून पाहिले आणि ते बरोबरच होते. पण त्या कमाईत भाड्याच्या खोलीचाही वाटा होता. गोव्याहून येणाऱ्या खलाशांच्या आणि आचाऱ्यांच्या कुडी, म्हणजे सामाईक मुक्कामाच्या जागा, धोबीतलाव-डाबूल भागात होत्या. तिथे ट्रंक ठेवायची, जहाज मिळेपर्यंत झोपायचे आणि महिन्याची वर्गणी द्यायची. वरच्या वर्गात हेच काम कुलाब्याच्या, वांद्र्याच्या, दादरच्या पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम भरून घेतलेल्या भाड्याच्या, घरांत चाले. नवरा गेलेला, मुलगा परदेशी, तीन खोल्यांचे घर आणि हाताशी फारसे काही नाही, अशी बाई नोकरी करणाऱ्या एखाद्या मुलीला ‘पेइंग गेस्ट’ ठेवी. घर तिच्या मालकीचे क्वचितच असे. तीही भाडेकरूच होती.

आता कायद्याकडे येतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा या बाबतीत बराच उदार आहे. करारात मनाई नसेल तर भाडेकरूने घेतलेली जागा पोटभाड्याने द्यायला हरकत नाही, असे त्याचे १०८ वे कलम म्हणते. व्यापारी वृत्तीचा कायदा होता तो. भाडे बाजाराने ठरायचे असेल तर पुढे ती जागा कोण वापरतो याच्याशी कोणाला काय करायचे? १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने हे उलटे केले. करारात परवानगी नसेल तर पोटभाडे बेकायदा, आणि शिक्षा म्हणजे घर खाली करणे. कारण उघड होते. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. गोठवलेल्या भाड्याने घर घ्यायचे आणि बाजारभावाने पुढे द्यायचे, अशी सोय ठेवली असती तर सरकारने मालकाच्या खिशातून काढलेला पैसा गरजू भाडेकरूऐवजी मधल्या दलालाकडे गेला असता. पोटभाड्याचा प्रश्न म्हणजे मधल्या फरकाचा प्रश्न, हे त्या वेळच्या कायदेकर्त्यांना पक्के ठाऊक होते.

ठाऊक असूनही त्यांनी त्या फरकाचे काय करायचे हे लिहिलेच नाही. कायद्याने एकच प्रश्न विचारला, ताबा कोणाकडे गेला? किल्ली कोणाच्या हातात आहे? किल्ली तिसऱ्याकडे गेली असेल तर घर गेले, नसेल तर काहीच गेले नाही. भाडेकरूने महिन्याला शंभर रुपये कमावले की शंभर पटींनी कमावले, याला निकालात जागाच नाही. आजच्या माझ्या तक्रारीचे मूळ हेच आहे, आणि पुढचे सगळे त्याच्यातून निघते.

तशात सरकारने आणखी एक गोष्ट केली, आणि तिने घरमालकांच्या मनात कायमची भीती घातली. २१ मे १९५९ ला वटहुकूम निघाला. त्या दिवसापूर्वी जे पोटभाडेकरू म्हणून ताब्यात होते, ते बेकायदा असले तरी कायदेशीर झाले. मग लोकांनी पोटभाडे हा शब्द टाकला आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’ची कागदपत्रे करायला सुरुवात केली. मी जागा भाड्याने देत नाही, फक्त वापरायची परवानगी देतो, अशी ती भाषा. १९७३ मध्ये कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जो परवानाधारक म्हणून ताब्यात होता तोही भाडेकरू ठरला. आधी पोटभाडेकरू, मग परवानाधारक, अशा दोनदा आगंतुकाला घरचे स्थान मिळाल्यावर तिसऱ्यांदा मिळणार नाही याची खात्री घरमालकाने कशाच्या बळावर बाळगायची? आज पाहुणा, उद्या कूळ, हे वाक्य मुंबईतल्या प्रत्येक जुन्या घरमालकाच्या तोंडी असते. त्याला संशयी म्हणणे सोपे आहे. तो संशय राजपत्रातून आलेला आहे.

गंमत अशी की १९७३ च्या त्याच दुरुस्तीने पेइंग गेस्टला संरक्षणातून वगळले होते. परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो त्या जागेचा एखादा भाग ज्याला वापरायला दिला आहे आणि जो कुटुंबातला नाही, तो पेइंग गेस्ट. हॉटेल, वसतिगृह, धर्मशाळा, रुग्णालय यांत उतरलेलेही असेच वगळलेले. म्हणजे राहत्या घरातला पाहुणा कधीच कूळ होणार नाही, हे कायद्याने स्पष्ट सांगितले. पण त्याच कायद्याने भाडेकरूला जागेचा कोणताही भाग परवान्याने द्यायला मनाईही केली, आणि १९९९ च्या कायद्यातही ही दोन्ही कलमे शेजारीशेजारी नांदतात. पाहुणा परवान्याने राहतो, परवाना द्यायला बंदी आहे, आणि तरी पाहुण्याची व्याख्या मात्र कायद्यात आहे. माझ्या वाचनाप्रमाणे कायद्याने इथे दोन्ही बाजूंच्या वकिलांची सोय केली आहे.

प्रत्यक्ष खटल्यात सारा खेळ पुराव्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच भाडेपट्टा आणि परवाना यांतला फरक कसा ओळखायचा हे एका प्रकरणात सांगितले. ते प्रकरण दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधल्या दोन खोल्यांचे होते. हॉटेलात स्त्री-पुरुषांनी कोट-टोप्या ठेवायच्या त्या खोल्या, आणि त्यांत एक गृहस्थ केस कापायचे दुकान चालवीत होते. कागदाला नाव परवान्याचे दिले म्हणून तो परवाना होत नाही. दोघांचा खरा हेतू काय होता, आणि जागा दुसऱ्याला वगळून एकट्याच्या ताब्यात दिली होती का, हे पाहायचे. बहुमताने तो भाडेपट्टा ठरला. भारतभरचे असंख्य घरगुती खटले त्या न्हाव्याच्या खुर्चीभोवती फिरत आले आहेत.

मालकाने तिसऱ्याचा स्वतंत्र ताबा सिद्ध करायचा आणि मग पैसे घेतले नाहीत हे भाडेकरूने पटवायचे, असा साधारण क्रम. पोटभाड्याचा व्यवहार गुपचूप होतो, त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून पैशाचा थेट पुरावा नसला तरी परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले. पण पहिली पायरीच अवघड. जुन्या खटल्यांत मालकाचे साक्षीदार म्हणजे वाणी, दूधवाला, पोस्टमन. पुरावा म्हणजे रेशनकार्डावरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, दाराशी दिसलेल्या अनोळखी चपला. भाडेकरूचा बचाव ठरलेला असे, हा माझा भाचा. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात जेवढे भाचे नोंदले गेले तेवढे कोकणातल्या कुठल्याही गावात जन्मले नसतील. मग उलटतपासणीत त्या भाच्याला मामीचे माहेर विचारायचे.

आता चित्र पालटले आहे. पाहुणे घेणारा भाडेकरू स्वतःच घराची छायाचित्रे जगापुढे ठेवतो, दर लावतो, मोकळ्या तारखा दाखवतो. आणि पाहुणे जाताना लिहून जातात, यजमान फार प्रेमळ, पोहे उत्तम, गॅलरीतून समुद्र दिसतो. हे कौतुक तारीखवार असते. वादीचा वकील ते छापून, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागते ते प्रमाणपत्र जोडून दाखल करतो. भाच्याचा बचाव संपला. पण दुसरा बचाव तगडा झाला. यांतला कोणीही तीन रात्रींच्या वर राहिला नाही, घराची मूळ किल्ली माझ्याच कमरेला आहे, मी पलीकडच्या खोलीत झोपतो. मग ताबा गेला तो कोणाकडे? किल्लीच्या जुन्या कसोटीला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पोटभाडेकरू एकदा घुसला की निघत नाही म्हणून मालक घाबरत असे. हा तर निघतोच, त्याच्या परतीच्या गाडीचा डबासुद्धा ठरलेला असतो. ज्या भीतीसाठी कलम लिहिले ती भीती इथे लागूच होत नाही, आणि तरी मालकाचा संताप पूर्वीपेक्षा जास्त आहे. कारण तो संताप मुळात किल्लीचा नव्हताच. मी अमुक इतक्या भाड्यात दिलेल्या घरातून हा एका आठवड्यात माझे वर्षाचे भाडे काढतो, हे त्याला झोंबते.

पैशाचा हा प्रश्न इतर शहरांनी तोंडावर विचारला आहे. त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत, म्हणूनच ती ऐकण्यासारखी आहेत.

पॅरिसचे उत्तर सर्वात कडक. तिथे १९८९ च्या कायद्याप्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडे नाही, आणि संमती दिली तरी भाडेकरू जेवढे भरतो त्याहून जास्त दराने पुढे देता येत नाही. एका जोडप्याने भाड्याचे घर संमतीवाचून पाहुण्यांना देऊन पैसे मिळवले. मालकाने घर तर मागितलेच, शिवाय ते पैसेही मागितले. १२ सप्टेंबर २०१९ ला फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पोटभाडे हे मालमत्तेचे फळ आहे आणि फळ मालकाचे. सुमारे २७ हजार युरो भाडेकरूंना परत करावे लागले. त्यांनी दारात थांबून पाहुण्यांचे स्वागत केले असेल, चादरी बदलल्या असतील, न्हाणीघर घासले असेल, तर त्याचे मोल शून्य. मला हा निकाल तर्काला धरून वाटतो आणि तरी पुरता पटत नाही. पाहुणा नुसत्या भिंतींना पैसे देत नाही. गिरणगावची खाणावळवाली पॅरिसच्या त्या न्यायासनापुढे उभी राहिली असती तर तिची भाकरीही मालमत्तेचे फळ ठरली असती का?

बर्लिनचे प्रकरण माणूस म्हणून अधिक चटका लावते. एका भाडेकरूला आपल्या मुलीला भेटायला साधारण दर पंधरवड्याला शनिवार-रविवारी शहरात यावे लागे. तेवढ्यासाठी त्याने घर ठेवले होते. एरवी रिकामे राहते म्हणून त्याने मालकाकडून पोटभाडेकरू ठेवायची रीतसर परवानगी घेतली आणि मग इंटरनेटवर ते पर्यटकांना दिवसाच्या हिशेबाने देऊ लागला. ८ जानेवारी २०१४ ला जर्मनीच्या संघीय न्यायालयाने म्हटले की पोटभाडेकरू ठेवायची परवानगी म्हणजे पर्यटक उतरवायची परवानगी नव्हे. काही काळ राहणारा माणूस वेगळा आणि रोज बदलणारा प्रवासी वेगळा. आणि याच जर्मनीत भाडेकरूला सबळ कारण असेल तर घराचा काही भाग दुसऱ्याला देण्याची परवानगी मालकाकडे मागण्याचा हक्क आहे, हेही लक्षात घ्या. मालक ती सहसा नाकारू शकत नाही. मात्र वाजवी भाडेवाढ मान्य केलीस तरच देतो, असे तो काही परिस्थितीत म्हणू शकतो. ही तरतूद मनात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

न्यूयॉर्क तर भाडेनियंत्रणातले आपले भावंडच. तिथे १९८३ पासून भाडेकरूला कुटुंबाबाहेरचा एक माणूस सोबतीला ठेवण्याचा हक्क आहे, करारात काहीही लिहिलेले असो. पण नियंत्रित भाड्याच्या घरात त्या सोबत्याकडून त्याच्या वाट्यापेक्षा जास्त भाडे घ्यायचे नाही. राहण्यात भागीदार घे, नफा घेऊ नकोस, असा तो नियम. नियंत्रित घर रोज नव्या प्रवाशाला भरमसाट दराने देणाऱ्या भाडेकरूंना तिथल्या न्यायालयांनी घराबाहेर काढले आहे. नियंत्रण हे तुझ्या निवाऱ्यासाठी होते, धंद्यासाठी नव्हे, हे त्यामागचे सूत्र. ५ सप्टेंबर २०२३ पासून तिथे आणखी कडक अंमल सुरू झाला. ३० दिवसांहून कमी काळासाठी पाहुणा ठेवायचा तर शहराकडे नोंदणी हवी, यजमान स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनहून अधिक नकोत. आपल्या इमारतीत हे चालणार नाही असे मालकाने शहराला कळवले तर ती इमारत बंदीच्या यादीत जाते. यजमान घरात असला पाहिजे ही अट वाचली आणि मला आपल्या १९७३ च्या पेइंग गेस्टची व्याख्या आठवली. पन्नास वर्षे आधी आपण तीच रेघ ओढली होती. फक्त पुढे तिचा उपयोग केला नाही.

मुंबईच्या पागडीच्या घराचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. १९४७ चा कायदा तात्पुरता होता आणि वीसहून जास्त वेळा त्याची मुदत वाढवली गेली. भाडे गोठवणारी त्यातली कलमे काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले, पण कायद्याची मुदत संपतच आली होती म्हणून ती रद्द केली नाहीत. १९९९ च्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली. चारशे रुपयांवर ४ टक्के म्हणजे सोळा रुपये. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या फ्लॅटचे भाडे महिन्याला चारशे-पाचशे आणि तिथल्या एका खोलीचा एका रात्रीचा दर तीन-चार हजार, हे अंतर मी कल्पनेने मांडतो आहे, पण त्या भागात फिरणाऱ्या कोणालाही ते अतिशयोक्त वाटणार नाही. इथे मालकाची बाजू खरी आहे. इमारतीचा जिना, गच्ची, पाण्याची टाकी त्याची, आणि रोज नवा प्रवासी चाकाच्या बॅगा घेऊन तोच जिना चढतो.

भाडेकरूची बाजूही तितकीच खरी आहे. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी घराच्या किमतीच्या तोलाची पागडी भरलेली असते. १९९९ च्या कायद्याने पागडीला उघड मान्यताही दिली. भाडेपावती दुसऱ्याच्या नावावर करताना मालक जवळजवळ तिसरा हिस्सा घेतो, ही मुंबईची रीत. त्या वेळी मालकाला पैशाचा हिशेब नीट कळतो. घर विकताना माझा हिस्सा आणि पाहुणा आला तर तुझे घर गेले, हे एकाच तोंडाने कसे म्हणायचे? आणि दुरुस्ती? जुन्या इमारतींत कित्येक ठिकाणी मालकाने वर्षानुवर्षे चुनाही लावलेला नाही. छप्पर भाडेकरूंनी वर्गणी काढून शाकारले आहे.

या दोघांच्या मधे कायदा उभा आहे तो एकच हत्यार घेऊन, घर खाली करा. म्हातारी बाई हिवाळ्यात एकदोन पाहुणे घेऊन औषधांचा खर्च भागवते, आणि दुसरा माणूस स्वतः ठाण्यात राहून पागडीच्या घराचे चार खोल्यांचे लॉज करतो. दोघांना शिक्षा एकच. शिक्षा इतकी मोठी आहे की न्यायाधीशाचा हात कचरतो. मग तो पुराव्यात त्रुटी शोधतो आणि म्हातारीला वाचवायला तयार झालेली वाट लॉजवाल्यालाही मोकळी होते. खटला दोन पिढ्या चालतो. दावा लावणारा मालक जातो, पाहुणे घेणारी बाई जाते, वारसांची नावे चढतात, आणि अ‍ॅपवर घराला चांगले अभिप्राय येतच राहतात.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचे प्रकरण यात मिसळू नये. आज पुण्या-मुंबईत नव्याने भाड्याने राहणारे बहुतेक जण कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक आहेत. परवाना दुसऱ्याला देता येत नाही, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच आहे. जे आपल्याकडे नाही ते पुढे काय देणार? शिवाय ते बाजारभाव देतात, म्हणजे मधला फरक गोठवलेल्या भाड्यामुळे येत नाही, महिन्याचा दर आणि रात्रीचा दर यांतल्या तफावतीमुळे येतो. गोव्यात हे उघड धंद्याच्या रूपात दिसते. बाहेरचा कोणी हणजुणे-आसगावकडचे जुने घर वर्षाच्या कराराने ‘राहायला’ म्हणून घेतो, भिंती पांढऱ्या करतो, अंगणात झोपाळा टांगतो आणि ते घर पर्यटकांना देऊ लागतो. मूळ मालक असतो मुंबईत किंवा लिस्बनमध्ये, त्याला शेजाऱ्याच्या फोनवरून कळते. गोव्यात पर्यटकांना पैसे घेऊन ठेवायचे तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती नसेल तर नोटीस घरावर येते आणि घर मालकाचे असते. परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत पोलिसांकडे द्यायची माहिती राहिली तर पहिली विचारणाही घरमालकालाच होते. अशा ठिकाणी मी सरळ मालकाच्या बाजूचा आहे, आणि त्याला उपायही आहे. महाराष्ट्रात करार नोंदवलेला असला तर मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट रक्कम वसूल करता येते. जो मालक नोंदणीचे चार पैसे वाचवायला साध्या कागदावर करार करतो त्याने मात्र १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम वाचावे. करार लेखी आणि नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत, आणि नोंदणी न केल्याची शिक्षा मालकाला.

सोसायट्यांबद्दल फार बोलत नाही. तिथे घरात अनोळखी माणसे येतात ही तक्रार असते आणि तिच्याआड पुष्कळदा कोणती माणसे येतात ही तक्रार दडलेली असते. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर पागडीच्या घराकडे परत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात पोटभाड्याला मूळ कराराला जोडून पुरवणी करार हवा, आणि दोघांनी मिळून दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवावे, अशी तरतूद आहे. संमतीची वाट त्याने दाखवली, पण पैशाबद्दल तोही गप्प आहे. महाराष्ट्रात आजही १९९९ चाच कायदा चालतो. त्यात दुरुस्ती करायचीच असेल तर माझ्या मते ती जर्मनीच्या वाजवी वाढीच्या धर्तीवर व्हावी. भाडेकरू स्वतः घरात राहत असेल तर त्याने एक खोली पाहुण्याला द्यावी. मालकाला आधी लेखी कळवावे. पाहुण्याकडून आलेल्या रकमेतला ठरावीक वाटा मालकाला जावा, आणि भाडेकरूच्या श्रमाचे व चादरी-साबणाचे त्याआधी वजा व्हावे. वाटा किती हे जिल्हावार ठरवता येईल. पावतीच्या बदल्यात तिसरा हिस्सा देणाऱ्या शहराला टक्केवारीचे वावडे नाही. मालकाने सबळ कारणाशिवाय नाही म्हणू नये. वाटा चुकवला तर दंड, पुन्हा चुकवला तर घर. आणि जो भाडेकरू स्वतः दुसरीकडे राहून पागडीच्या घराला कुलपाची पेटी लावून, तिचे आकडे मोबाइलवर पाठवून पाहुणे उतरवतो, त्याच्यासाठी यातले काही नको. त्याला निवाऱ्याची गरज उरलेली नाही, हे त्यानेच जाहीर केले आहे. त्याच्यावरचा दावा सहा महिन्यांत निकाली निघावा.

या सूचनेवर मला दोन्हीकडून शिव्या मिळाल्या आहेत. भाडेकरूंचे म्हणणे, आम्ही आजवर काहीच दिले नाही, आता का द्यावे? त्यावर माझे उत्तर एवढेच की आजवर घर जाण्याचा धोका होता, तो उतरवण्याची ही किंमत आहे. मालकांची हरकत जास्त विचार करण्यासारखी आहे. ते म्हणतात, आम्ही तो वाटा घेतला की उद्या कोर्ट म्हणणार, तुम्हाला माहीत होते, तुम्ही पैसे घेतलेत, म्हणजे संमती दिलीत. ही भीती पोकळ नाही. भाडे घेणे म्हणजे हक्क सोडणे ठरू नये म्हणून कित्येक मालक दावा लावल्यावर भाडेच घेणे बंद करतात, भाडेकरू मनीऑर्डर पाठवत राहतो आणि ती परत येत राहते. मनीऑर्डरच्या अशा परत आलेल्या पावत्यांच्या चळती मी पुरावा म्हणून दाखल केल्या आहेत. त्यामुळे दुरुस्तीत वाट्याची टक्केवारी ठरवण्याआधी एक कलम असे लागेल की मालकाने हा वाटा स्वीकारला म्हणून पोटभाड्याला संमती दिली असे मानले जाणार नाही, पाहुण्याला कोणताही भाडेहक्क मिळणार नाही, आणि हे पुढील कोणत्याही दुरुस्तीने मागील तारखेपासून बदलता येणार नाही. मालक अडतील ते शेवटच्या तुकड्यावर. आजच्या विधानसभेने लिहिलेले कलम उद्याची विधानसभा बदलू शकते, याला वकिलाकडे औषध नाही, आणि १९५९ व १९७३ पाहिलेल्या घरांतली मंडळी हे माझ्यापेक्षा चांगले जाणतात. म्हणून मी त्यांना सुचवतो की सुरुवात कायद्यापासून नको, आपल्या इमारतीपासून करा. जी बाई पलीकडच्या खोलीत स्वतः राहते तिच्याशी पुरवणी करार करा, वाटा त्यातच लिहा आणि तो नोंदवून घ्या. परवाच एका मालकाला हे सांगितले. तो म्हणाला, करार करतो, पण वाटा नको, त्याऐवजी तिने जिन्याचे दिवे लावावेत. बाईंचा वकील सध्या दिव्यांच्या संख्येवर अडून बसला आहे.